बाप जिवंत असलेले यतीम

तलाक या एका विषयावर आपण मराठी मुसलमान जेवढे लिहीत, बोलत आणि भांडत आलो, तेवढे दुसऱ्या कुठल्याही विषयावर भांडलो नसू. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा घेऊन मुंबईच्या विधानभवनावर गेले. तेव्हापासून हिशेब मांडला तर ही जवळपास साठ वर्षांची लढाई आहे. या काळात 1985 चा शाहबानो निकाल आला. 1986 चा कायदा आला. त्या कायद्याचा स्त्रियांच्या बाजूने अर्थ लावणारा दानियल लतीफी निकाल 2001 मध्ये आला. 2002 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दगडू पठाण विरुद्ध रहीमबी या खटल्यात पूर्णपीठाने बजावले की, नुसते ‘मी तलाक दिला’ म्हणून भागणार नाही. तो का दिला आणि त्याआधी समेटाचा प्रयत्न केला का, हे नवऱ्याला सिद्ध करावे लागेल. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला. 2019 मध्ये तो गुन्हा झाला. 10 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा एकदा स्पष्ट केले की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली पोटगी मागता येते.

या लढाईत ज्यांनी दगड झेलले, बहिष्कार सोसले, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. त्यांनी लढावे ते लढले आणि अजून बरेच लढायचे बाकी आहे. पण आता एक प्रश्न विचारलाच पाहिजे. साठ वर्षांच्या या कागदपत्रांच्या गठ्ठ्यात मूल कुठे आहे?

शोधले तर सापडते. 1986 च्या कायद्यात आईजवळच्या मुलाचा खर्च बापाने त्याच्या जन्मापासून दोन वर्षांपर्यंत द्यावा, एवढीच सोय होती. तिसऱ्या वर्षी त्या मुलाने काय खावे, हे कायदा करणाऱ्यांना सुचले नाही. 1997 मध्ये नूर सबा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की दोन वर्षांची ही मर्यादा मुलांच्या स्वतःच्या हक्काला लागू नाही. मुलगा सज्ञान किंवा स्वतःचे पोट भरण्यालायक होईपर्यंत आणि मुलीचे लग्न होईपर्यंत बापाची जबाबदारी सुटत नाही. 2019 च्या कायद्यात पाचव्या कलमात मुलांचा निर्वाह भत्ता आहे, सहाव्या कलमात अज्ञान मुलांचा ताबा आहे.

म्हणजे कायद्याच्या लेखी मूल दोनच रूपांत येते. एक रक्कम आणि एक ताबा. ताबा आपण खोलीचा घेतो, वावराचा घेतो, दुकानाचा घेतो. रक्कम मिळालीच पाहिजे आणि ताब्याचा निकालही लागला पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण नानीच्या घरात कोपऱ्यात अंथरुण टाकून पडलेले आठ-नऊ वर्षांचे लेकरू रात्री छताकडे बघत काय विचार करते, हे कोणत्या कलमात बसवायचे?

ज्या शायराबानोंच्या अर्जावर 2017 चा निकाल लागला, त्यांची दोन मुले नवऱ्याकडे होती. महिनोन्‌महिने देशभर चर्चा झाली. वाहिन्यांनी दाढी आणि बुरखा समोरासमोर बसवून रात्र रात्र वाद रंगवले. कोणी शरियत वाचवत होते, कोणी संविधान वाचवत होते, कोणी मुस्लिम भगिनींना वाचवायला निघाले होते. त्या दोन मुलांसारख्या मुलांना कोण वाचवणार, असे त्या गोंगाटात किती जणांनी विचारले? भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने 10 राज्यांतील 4,710 स्त्रियांना भेटून तलाकविषयी त्यांचे मत नोंदवले आणि 2015 मध्ये ते प्रसिद्ध केले. फार मोलाचे काम झाले. 2011 च्या जनगणनेत तर घटस्फोटित आणि विभक्त यांची पहिल्यांदाच वेगवेगळी मोजणी झाली. पण त्या घरांतली मुले जगतात कशी, यासाठी जनगणनेच्या फॉर्मात रकाना नव्हता. ज्याला रकाना नाही त्याच्यासाठी योजना येत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

सरकारचे सोडून देऊ. आपल्या समाजाचे बोलू.

आपल्या समाजाला यतीम कळतो. हजरत पैगंबर (स.) स्वतः यतीम होते. कुराणात यतीमाच्या हक्काविषयी पुन्हा पुन्हा ताकीद आहे, हदीसमध्ये त्याच्या डोक्यावर हात ठेवणाऱ्याचा मोठा दर्जा सांगितला आहे. म्हणून आपल्याकडे गावोगाव यतीमखाने आहेत, रमजानमध्ये त्यांची पावतीपुस्तके फिरतात, गरिबातला गरीब माणूसही त्यात दहा रुपये टाकतो. ज्याचा बाप मेला त्या मुलाशी कसे वागायचे, हे मोहल्ल्याला कोणी शिकवावे लागत नाही. लोक त्याला जवळ घेतात, त्याच्यासमोर आवाज खाली करतात, ईदला त्याच्यासाठी एक जोड जास्त शिवतात.

आणि ज्याचा बाप मेलेला नाही? जो चार गल्ल्या सोडून राहतो, जुम्याच्या नमाजला त्याच मशिदीत येतो, सलाम फिरवून बाहेर पडताना मुलगा दिसला तर चपला शोधण्याच्या निमित्ताने खाली बघतो? त्या मुलाला काय म्हणायचे? तो यतीम नाही, कारण बाप जिवंत आहे. तो बापाचाही नाही. आपल्याकडे त्याच्यासाठी शब्द नाही. शब्द नाही म्हणून खाते नाही, खाते नाही म्हणून पावतीपुस्तक नाही. मौत का यतीम आपल्याला रडवतो, तलाक का यतीम आपल्याला फक्त अडचणीत टाकतो.

जमातीच्या बैठका ज्यांनी बघितल्या आहेत त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. दोन्हीकडचे चार-चार बुजुर्ग बसतात. मेहर किती, दहेजचे भांडे-पलंग कोणाचे, सोने कोणाकडे, इद्दतचा खर्च किती, सगळे कागदावर येते. कपबशीपर्यंत हिशेब होतो. शेवटी उठता उठता कोणीतरी विचारतो, ‘और बच्चों का क्या?’ त्यावर दुसरा म्हणतो, ‘बच्चों का क्या, पल जाते.’ बैठक संपते.

पल जाते, हे खरे आहे. अन्न मिळाले की शरीर वाढते. पण कसे वाढतात ते बघा. मूल आईबरोबर नानीकडे आले तर मामूच्या घरातले ते जास्तीचे ताट. त्याने ग्लास फोडला तर ‘बाप पे गया है’. बापाकडे राहिले तर नव्या अम्मीसमोर जुन्या अम्मीचे नाव काढायची बंदी. दोन्ही घरांत येणे-जाणे असेल तर ते टपालवाला. ‘तेरे बाप को बोल, फीस के पैसे भेज.’ ‘तेरी माँ को बोल, पहले कोर्ट का केस पीछे ले.’ एका घरात दुसऱ्या घराविषयी काय बोलावे आणि काय गिळावे, याचा अभ्यास त्याला पाढे पाठ होण्याआधी करावा लागतो. कोकणात बाप आखातात असतो. तिथे तर मुलाला कळतसुद्धा नाही की अब्बा नोकरीमुळे आले नाहीत की आता कधीच येणार नाहीत. मुलगा जरा मोठा असेल तर बाराव्या वर्षी त्याला ‘अब तू ही घर का मर्द’ म्हणून गॅरेजवर बसवतात. मुलगी असेल तर ‘तलाकवालीची बेटी’ म्हणून रिश्ते कमी येतात. जो पहिला येतो त्याला हो म्हणून तिची शाळा बंद होते. तलाक एका पिढीत संपत नाही, तो असा पुढे सरकतो.

आणि हे सगळे होत असताना त्या मुलाची पक्की समजूत असते की हे माझ्यामुळे झाले. मी फार दंगा करत होतो म्हणून. मी अम्मीला सांगून टाकले म्हणून. मी मुलगी झाले म्हणून. जगभर ज्यांनी ज्यांनी अशा मुलांचा अभ्यास केला, त्यांना विशेषतः लहान मुलांत हा अपराधभाव आढळला. दुसरी समजूत ही की असा मी एकटाच आहे. वर्गातल्या पन्नास मुलांत आणखी तिघे-चौघे तसेच असले तरी ते एकमेकांना ओळखत नाहीत, कारण चौघेही लपवतात. ‘अब्बा क्या करते?’ या प्रश्नाला चौघांनी चार खोटी उत्तरे तयार ठेवलेली असतात.

या दोन गैरसमजुतींवर इलाज आहे. तो फार खर्चाचा नाही, त्याला डॉक्टर लागत नाही, कोर्ट लागत नाही. तो इलाज म्हणजे त्या चौघांना एका खोलीत बसवणे.

हे मी मनाने सांगत नाही. अमेरिकेत हे काम चाळीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे. 1978 साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळेत एलिझाबेथ मॅकगोनागल या समाजकार्यकर्तीने घटस्फोटित आईबापांच्या मुलांचे गट सुरू केले. त्याला ‘बनाना स्प्लिट्स’ असे आइस्क्रीमच्या एका प्रकाराचे गमतीदार नाव दिले, म्हणजे मुलांना तिथे जायला लाज वाटू नये. 1983 मध्ये तीन मुलांना एकटीने वाढवणाऱ्या सुझी येल मार्टा या घटस्फोटित आईने ‘रेनबोज’ नावाने असेच गट सुरू केले. ज्यांचे आई किंवा वडील वारले ती मुले आणि ज्यांचे आईबाप वेगळे झाले ती मुले, दोघांचेही दुःख तिथे दुःखच मानले गेले. यतीम आणि तलाकचे मूल यांच्यात आपण जी भिंत उभी केली आहे ती त्या बाईने बांधलीच नाही.

याच सुमारास रोचेस्टर विद्यापीठात जोआन पेड्रो-कॅरोल आणि एमरी कोवेन यांनी शाळेतच चालवता येईल असा कार्यक्रम तयार केला आणि त्याचा पहिला अभ्यास 1985 साली प्रसिद्ध केला. त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. एकाच वयाची सहा-आठ मुले. आठवड्यातून एकदा, साधारण तासभर, शाळेच्याच एका खोलीत. सुरुवातीला दहा आठवडे, पुढे त्याहून जास्त. शक्य तिथे एक बाई आणि एक पुरुष असे दोघे मिळून गट चालवतात; कारण या मुलांपैकी अनेकांनी बाई आणि पुरुष शांतपणे एकत्र काम करताना घरात बघितलेलेच नसते. पहिल्या दिवशी कोणाला काही विचारत नाहीत. खेळ होतो, गटाला मुलेच नाव देतात, खोलीतले बोलणे खोलीतच राहील असा करार होतो. लहान मुलांसाठी कळसूत्री बाहुल्या असतात. मूल स्वतःविषयी बोलत नाही, पण बाहुलीला काय वाटते ते भराभरा सांगते. मग राग, भीती, लाज यांना नावे देणे. मग त्या कार्यक्रमातला माझ्या मते सर्वांत मोलाचा धडा येतो. कोणते प्रश्न मुलाला सोडवता येतात आणि कोणते येत नाहीत, हे वेगळे करणे. आईबापांना पुन्हा एकत्र आणणे हा तुझा प्रश्न नाही, तो तुझ्याने सुटणार नाही आणि तो सुटला नाही यात तुझा दोष नाही. पण अम्मीने निरोप्या बनवले तर ‘तुम्हीच बोला ना’ असे नम्रपणे कसे म्हणायचे, हे तुला शिकता येईल. शेवटी शेवटी मुले टीव्हीवरच्या तज्ज्ञांसारखी रांगेत बसतात आणि इतर मुले त्यांना प्रश्न विचारतात. जे मूल दहा आठवड्यांपूर्वी तोंड उघडत नव्हते ते दुसऱ्याला सल्ला देते.

फरक पडतो का? 1985 च्या त्या अभ्यासात शिक्षक, पालक आणि मुले तिघांकडून माहिती घेतली होती; ज्यांना गट मिळाला त्यांची चिंता कमी झाली, शाळेतले वागणे सुधारले. त्याहून भक्कम पुरावा ॲरिझोनातला आहे. तिथे शार्लीन वोलचिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 9 ते 12 वर्षांची मुले असलेली 240 घटस्फोटित कुटुंबे घेतली. काहींमध्ये फक्त आयांचे गट भरवले, काहींमध्ये आयांचे आणि मुलांचे दोन्ही, आणि काहींना फक्त वाचायला पुस्तके दिली. सहा वर्षांनी पुन्हा भेटून केलेली पाहणी 2002 साली प्रसिद्ध झाली. ज्यांना नुसती पुस्तके मिळाली त्यांच्या मुलांपैकी साडेतेवीस टक्के मुलांना आदल्या वर्षभरात मानसिक आजार असल्याचे निदान झाले. जिथे आई आणि मूल दोघांचे गट भरले होते तिथे हे प्रमाण 11 टक्के होते. अर्ध्याहून कमी. यातून आपण आणखी एक गोष्ट शिकायची. मुलांबरोबर आयांनाही बसवले पाहिजे. ज्या बाईला दिवसभर भावजयीचे टोमणे आणि रात्री शिलाई मशीन, तिच्याकडून मुलासाठी धीर कुठून आणायचा?

सगळीच मुले कोलमडतात असे मात्र कोणी समजू नये. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी अशा कुटुंबांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून 2002 साली लिहिले की घटस्फोटित घरांतल्या मुलांपैकी सुमारे 25 टक्क्यांना पुढे गंभीर अडचणी येतात आणि न तुटलेल्या घरांत हे प्रमाण 10 टक्के असते. म्हणजे चारपैकी तीन मुले सावरतात. ‘तलाकची अवलाद बिघडणारच’ असे म्हणणाऱ्या बुजुर्गांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आणि ‘पल जाते’ म्हणणाऱ्यांनी उरलेले चौथे मूल लक्षात ठेवावे.

आता आक्षेप. ते मला पाठ आहेत, वाचकांनाही असतील.

पहिला आक्षेप, ही पाश्चात्त्य थेरे आहेत, आपल्याकडे खानदान आहे, नाना-नानी आहेत. नाना-नानींना माझा सलाम. पण नानी ही एका बाजूची वकील असते, दादी दुसऱ्या बाजूची. मुलाला अशी एक जागा हवी की जिथे कोणाचीच बाजू घ्यावी लागत नाही. आणि फक्त ‘तिकडच्या’ लोकांचे उदाहरण नको असेल तर सिंगापूरकडे बघा. तिथे मुसलमानांचे तलाक शरिया कोर्टात चालतात. 1952 साली मुस्लिम स्त्रियांनी स्थापन केलेली पीपीआयएस ही संस्था तिथे आहे. 2015 मध्ये तिथल्या सरकारने घटस्फोटित कुटुंबांना आणि त्यांच्या मुलांना आधार देणारी केंद्रे नेमली, तेव्हा मुस्लिम कुटुंबांसाठी याच संस्थेच्या अस-सलाम केंद्रावर जबाबदारी सोपवली. तिथल्या मुसलमानांचा ईमान त्यामुळे धोक्यात आला नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मुलांना आईबापांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायला लावणे ही गीबत आहे, घरची इज्जत चव्हाट्यावर आणणे आहे. हे म्हणणाऱ्यांना मी हिंद बिन्ते उत्बाची आठवण देतो. नवरा अबू सुफियान हात आखडतो, मला आणि मुलांना पुरेसे देत नाही, अशी तक्रार घेऊन ती थेट पैगंबरांकडे गेली. तिला ‘गीबत करू नकोस’ असे सांगितले गेले नाही. तुला आणि तुझ्या मुलांना रास्त पुरेल तेवढे त्याच्या मालातून घे, असे सांगितले गेले. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने मदतीसाठी तोंड उघडणे गीबत होत नाही. शिवाय या गटांत मुलांकडून बापाविरुद्ध जबान्या घेत नाहीत. मुलाला स्वतःच्या मनाविषयी बोलायला मिळते. कुराणातल्या दुसऱ्या सूरहच्या 233 व्या आयतीत मुलाच्या कारणावरून आईला त्रास होऊ नये आणि बापालाही होऊ नये, असे बजावले आहे. मुलाला हत्यार बनवू नका, हा त्याचा अर्थ मला लागतो. आपण कोर्टात, जमातीत आणि दोन्ही घरांत नेमके तेच करतो आणि मग इज्जतीची भाषा बोलतो.

तिसरा आक्षेप असा की यामुळे तलाकला मान्यता मिळेल, तलाक वाढतील. यतीमखान्यामुळे मरणे वाढते का?

चौथा आक्षेप माझ्या सुधारणावादी मित्रांचा. आधी कायदा पूर्ण बदलू, लिंगभाव समता आणू, मग हे सगळे आपोआप होईल. आपोआप काही होत नाही. न्यायालयाच्या मार्गाने झालेला घटस्फोट असो, खुला असो, मुबारात असो, एका दमातला तलाक असो, की बाई नुसतीच टाकून दिलेली असो, मुलाला त्यातला फरक कळत नाही. त्याच्या दृष्टीने अब्बा घरी नाहीत एवढेच खरे. हिंदू भावंडांच्या मुलांचे घटस्फोट कायद्याने होतात, रीतसर होतात, तरी कौटुंबिक न्यायालयाच्या बाकड्यावर बसलेली त्यांची मुले आपल्या मुलांपेक्षा कमी घाबरलेली नसतात. उद्या सर्वांत आदर्श कायदा झाला तरी घरे तुटतील आणि मुले उरतील. आठ वर्षांचे मूल कायद्याची वाट बघत थांबले तर ते सज्ञान होते, कायदा होत नाही.

पाचवा आक्षेप उघडपणे कोणी बोलत नाही, पण मनात असतो. आपण आपल्या घरातले दुखणे बोललो तर बाहेरचे लोक त्याचे भांडवल करतील. करतील, आजवर केलेच आहे. पण शेजाऱ्याच्या भीतीने घरातल्या तापलेल्या मुलाला औषध न देणारा बाप शहाणा म्हणवत नाही. उलट असे गट शाळेत चालले तर त्यात आपल्या मुलांशेजारी कांबळे, जाधव, पिंटो यांचीही मुले बसतील आणि कळेल की हे दुखणे एका जमातीचे नाही.

मग करायचे काय? इथे मला एका गोष्टीची भीती वाटते ती आधीच सांगतो. आपल्या संस्थांना शिबिरे फार आवडतात. एक दिवसाचे शिबिर, मागे बॅनर, व्यासपीठावर अकरा पाहुणे, हारतुरे, ‘तलाकपीडितांच्या पाल्यांना’ वह्यावाटप आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. ज्या मुलाने जे चार वर्षे लपवले ते तुम्ही फोटोसह छापलेत. हे करायचे असेल तर काहीच करू नका, ते बरे.

गट म्हणजे शिबिर नव्हे. त्याला एक खोली हवी, बंद होणारे एक दार हवे, तीच सहा-आठ मुले आणि तीच दोन मोठी माणसे बारा आठवडे हवीत. उर्दू शाळा आहेत, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळा आहेत. शनिवारी दुपारी वर्ग रिकामे असतात. मकतब आहेत, रविवारी असर ते मगरिब एक तास तिथे मिळू शकतो, मौलाना समंजस असतील तर तेही या कामात उतरू शकतील. टाटा संस्थेत, कर्वे संस्थेत समाजकार्य शिकलेल्या आमच्या मुली आहेत, डी.एड. होऊन घरी बसलेल्या तर मोहल्ल्या-मोहल्ल्यात आहेत. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात. त्यांनी आईबापांचे भांडण मिटवता मिटवता अशा गटाचा पत्ता हातात दिला तरी पुष्कळ झाले. खर्च म्हणाल तर रंग, कागद, बाहुल्या, चहा-बिस्कीट आणि गट चालवणाऱ्यांचे मानधन. जकातीचा पैसा चालेल की नाही यावर उलेमांनी हवी तेवढी चर्चा करावी. तोपर्यंत लिल्लाह आणि सदक्यातून सुरुवात होऊ शकते. एका वलीम्यात उरलेल्या बिर्याणीच्या किमतीत एक गट वर्षभर चालेल.

पथ्ये मात्र कडक पाळावी लागतील. आईची किंवा ज्याच्याकडे मूल आहे त्याची लेखी संमती. मुलाची स्वतःची राजीखुशी. खोलीतले बोलणे कोर्टात पुरावा म्हणून वापरणार नाही, दोन्ही बाजूंच्या वकिलांना देणार नाही, ही हमी. गटाचे नाव असे की त्यात तलाक हा शब्द नसावा. मारहाण, अत्याचार बघितलेले किंवा सोसलेले मूल आढळले तर त्याला गटावर न सोडता जाणकार डॉक्टरकडे आणि बालकल्याण समितीकडे नेणे. आणि सगळ्यात महत्त्वाचे, गट हा पोटगीचा पर्याय नाही. बापाने फी भरायची नाही आणि समाजाने बाहुल्या खेळवायच्या, असा सौदा आपण करायचा नाही. गटात मन सावरेल. पोट सावरण्याची जबाबदारी बापाचीच, ती वसूल करण्याची लढाई चालूच राहील.

महाराष्ट्र शासनाने 1 मे 2024 रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे नाव आणि मग बापाचे नाव लावण्याचा निर्णय घेतला. कागदावर का होईना, आईची जागा मानली गेली. आता कागदाखालच्या मुलाकडे बघू. 1990 साली सोलापुरात आपण पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवले, तेव्हा आपले म्हणणे होते की आमचे जगणे मराठीत आले पाहिजे. आले, बरेच आले. तलाक दिलेल्या बायका आपल्या कथांत आल्या, कवितांत आल्या. त्यांचे बोट धरून उभे असलेले मूल मात्र त्या कथांत बहुधा नुसते रडताना दिसते, बोलताना दिसत नाही. त्याला बोलायला जागा देणे हे आता लेखकांचेही काम आहे आणि जमातीचेही.

म्हणून या अंकाच्या वाचकांपुढे मागणे एवढेच ठेवतो. पुणे, सोलापूर, मिरज, मालेगाव, औरंगाबाद, रत्नागिरी, भिवंडी, ज्याच्या त्याच्या गावात एक खोली शोधा. दोन समजूतदार माणसे शोधा, एक बाई आणि एक पुरुष. सहा मुले शोधायला त्रास पडणार नाही. ती आपल्याच गल्लीत आहेत, फक्त आजवर कोणी त्यांना विचारलेले नाही. बारा आठवडे ती खोली चालवा आणि पुढच्या वार्षिकात त्याचा अहवाल द्या. भाषण देऊ नका, अहवाल द्या. किती मुले आली, किती टिकली, कोणती गळली, काय चुकले. एका गावातून जरी असा अहवाल आला तरी तलाकवरच्या आपल्या साठ वर्षांच्या वादात पहिल्यांदाच मुलाच्या नावाचे एक पान लागेल.